एस्बेन हल्ली लवकर येतो

१४ जानेवारी

सर्दी गेली एकदाची. ताप उतरला, घसा मोकळा झाला, नाकही मोकळं झालं. सकाळी कॉफी केली तर वाटलं, कपात नुसतं कडू गरम पाणी ओतलंय. कॉफीचा डबा उघडून त्यात नाक खुपसलं. काहीच नाही. मग मिऱ्यांची बाटली, मग व्हिनेगर. व्हिनेगरनं डोळ्यांत पाणी आलं, पण वास म्हणून काही आलाच नाही.

नाताळनंतरची सुट्टी संपतेय. या आठवड्यात माझं रेस्टॉरंट, 'नोर', उघडायचं. तोवर येईल परत. वास कुठं जातोय?

१८ जानेवारी

लोणी तांबूस करताना डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो. भाजलेल्या हेझलनटचा वास सुटला की पातेलं उतरवायचं. क्षणभर उशीर झाला तर कडू. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येकाला मी हे पाठ फिरवून करायला लावते. आज मी स्वतः पाठ फिरवून उभी राहिले आणि वास सुटायची वाट बघत बसले.

माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एस्बेननं बाजूनं हात घालून पातेलं उचललं. "याचं बूड पातळ झालंय, शेफ," तो म्हणाला. "काल माझ्याकडूनही लागलं होतं." सगळं लोणी ओतून टाकून त्यानं दुसरं पातेलं चढवलं.

बूड पातळ झालंय हे खरंच असेल. नवी पातेली मागवायला हवीत.

२३ जानेवारी

आज सुट्टी. थिस्टेडला डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. वयानं माझ्या लेकीएवढी, सिग्नेएवढी असेल. तिनं नाकात नळी घालून पाहिलं आणि म्हणाली, "आतून सगळं ठीक दिसतंय. सर्दीनंतर होतं असं. काहींचा वास महिन्यात परत येतो, काहींचा वर्षानं."

"आणि बाकीच्यांचा?"

तिनं चिठ्ठ्यांचं पॅड पुढं ओढलं. मग लवंग, गुलाब, लिंबू आणि निलगिरी अशा चार तेलांची नावं सांगितली. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली हुंगायची आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. नाकाला शाळेत घालायचं, असं म्हणाली.

"काम काय करतेस?"

"एक छोटंसं रेस्टॉरंट आहे. फ्योर्डच्या काठी."

नाव सांगितलं नाही. मी निघताना तिनं विचारलं, "घरात कोण असतं सोबत?"

"कोणी नाही. रेस्टॉरंटच्या वरच राहते."

"मग धुराची घंटा लावून घे. आणि दुधावरची तारीख बघत जा."

गाडीत बसल्यावर मला जरा रडू आलं. घंटेमुळं आलं, की दुधामुळं, कुणास ठाऊक.

३ फेब्रुवारी

चारही बाटल्या सकाळी हुंगल्या. चारही सारख्याच.

घराला वास असतो हे मला ठाऊकच नव्हतं. आता नाही, म्हणून कळतंय. खिडकी उघडली की फ्योर्डची खाडी दिसते, पण आत येत नाही. उशी, टॉवेल, माझाच स्वेटर, सगळं दुकानातून नुकतंच आणल्यासारखं. रात्री पाहुणी म्हणून झोपायचं आणि सकाळी पाहुणी म्हणून उठायचं. इतकी वर्षं एकटी राहिले, पण एकटेपणा हा असा नव्हता. एकटी असले तरी माझ्याच घरात असायचे.

कोणाला सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय? गवयानं मला ऐकू येत नाही म्हणून सांगावं, तसं ते होईल. लोक या आडगावात कोपनहेगनहून गाडी हाकत येतात ते माझ्या नाकासाठी. पेपरात तसंच छापून आलं होतं एकदा: 'बोडिल लुंडचं नाक.' टेबलं सांभाळणाऱ्या वीबेकेनं ते कात्रण संडासात चिकटवलं होतं.

९ फेब्रुवारी

एस्बेन हल्ली लवकर येतो. मी खाली उतरते तेव्हा दिवे लागलेले असतात, मासे फोडून बर्फावर मांडलेले असतात, दुधाचे डबे उघडलेले असतात.

"साय मी बघून घेतली, शेफ. एक डबा परत पाठवलाय."

"का?"

"आवडला नाही मला."

पूर्वी हा शेवटच्या मिनिटाला सायकल भिंतीवर आदळून आत यायचा. आला तेव्हा त्याला साधा मासा सोलता येत नव्हता, मीच शिकवलं सगळं. आता मला विचारल्याशिवाय डबे परत पाठवतोय.

१७ फेब्रुवारी

एस्बेन अलीकडे बडबड्याही झालाय. दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा माणूस. आता प्रत्येक गोष्टीवर याचं मत असतं. "राय धान्याच्या पावाला आज मस्त मोलॅसिससारखा वास सुटलाय." "हे धुरीचं गवत जरा दमट आहे, धूर कोंदट येतोय, नाही का शेफ?" "या ताकाला गोठ्याचा वास आहे थोडा, पण चांगला आहे."

मी हूं म्हणते. दुसरं काय म्हणणार?

एक मात्र खरं, त्यामुळं माझं निभावतं. आज पाहुण्यांसमोर ताट ठेवताना मी म्हणाले, "ताकाला गोठ्याचा थोडा वास आहे, पण चांगला." टेबलावरचा माणूस हसला आणि म्हणाला, "तुम्ही शेफ लोक कसं बोलता हो!"

२५ फेब्रुवारी

सिग्नेचा बर्गेनहून फोन. बाळ आता हसायला लागलंय. "आई, ये ना गं एकदा. हिच्या टाळूला असा वास येतो ना, दुधासारखा, ब्रेडसारखा, मला सांगताच येत नाही. तुला सांगता येईल. तू ये आणि सांग मला कसला ते."

मी म्हटलं, सध्या हंगाम आहे, स्टेनबायडर माशाची गाभोळी आली आहे, पाय काढता येत नाही.

"तुझं नेहमी काहीतरी येतंच," ती म्हणाली. रागावली नव्हती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

६ मार्च

आज डोकं फिरलं.

पाले कालवं घेऊन आला. जन्म त्याचा फ्योर्डवर गेला. मी पेटी घ्यायला हात पुढं केला तर त्यानं ती मागं ओढली. म्हणाला, "एस्बेन कुठाय? त्यानं बजावलंय, कालवं त्याच्याच हातात द्यायची."

"पाले, हे रेस्टॉरंट कोणाचं आहे?"

"तुझंच की. पण तो म्हणाला म्हणून—"

"मग ठेव इथं."

पेटी ठेवून बिचारा बूट आपटत निघून गेला. एस्बेनला विचारलं तर तो मान खाली घालून म्हणाला, "तुझं काम कमी व्हावं म्हणून सांगितलं होतं." माझं काम! पन्नाशी पार केली की लोकांना वाटतं, बाईला आता खुर्ची आणून द्यावी.

१३ मार्च

कपड्यांच्या खोलीत वीबेके आणि एस्बेन बोलत होते. दार अर्धं उघडं होतं. वीबेके बाहेरचं सगळं बघते, टेबलं, पाहुणे, वाइन. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मला वाट्टेल ते बोलायचा परवाना तिनं स्वतःच काढून घेतलाय. पण आज ती हळू आवाजात बोलत होती.

"किती दिवस असं चालवणार आहेस?"

"ती स्वतः सांगेल तोवर."

"ती नाही सांगायची. ओळखत नाहीस तिला? मरेल, पण सांगणार नाही."

"मग तोवर मी आहे."

"आणि कोपनहेगनहून आलेल्या नोकरीचं?"

"नाही म्हणून कळवलं."

मी तशीच मागं फिरले आणि वर येऊन पलंगाच्या कडेला बसले. ती स्वतः सांगेल तोवर! म्हणजे मी निवृत्त होतेय हे मी सांगेन तोवर. तोवर हा आहेच, मासे आधीच फोडलेले, पाले आधीच फितवलेला. एवढी मोठी नोकरी कोण सोडतं? ज्याला त्याहून मोठं काहीतरी जवळच दिसतंय तोच.

वीबेकेनं तरी असं करायला नको होतं.

२० मार्च

चार बाटल्या. लवंगेच्या वेळी क्षणभर काहीतरी चमकलं असं वाटलं. आजीचा हात, नाताळातलं भाजलेलं डुकराचं मांस. पण ती आठवण होती, वास नव्हता.

खाली सगळ्यांचं जेवण चाललं होतं. मी गेले की ते बोलणं थांबवतात, म्हणून मी जातच नाही. पूर्वी मीच टेबलाच्या टोकाला बसायचे.

२७ मार्च

एस्बेनला काढलं.

रानलसूण यंदा लवकर आली. मी तिचं तेल घातलेला नवा पदार्थ बसवला होता, भाजलेल्या सेलरी-कंदावर. त्यानं माझ्या देखत बोट बुडवून चाटलं आणि मला न विचारता सगळं तेल ओतून टाकून नवं घातलं. सगळ्यांसमोर.

"काय चाललंय?"

"तेल जुनं होतं, शेफ. खवट झालंय."

"मी सकाळीच बघितलंय. उत्तम होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याची ती नजर मला सहन झाली नाही. कीव करतात तसली नजर. मी म्हणाले, "तुला माझी जागा हवी असेल तर सरळ तोंडानं माग. अशी चोरून घेऊ नकोस."

एस्बेननं एप्रन सोडला, घडी घातली.

"मला तुझी जागा नकोय."

"मग जा जिथं हवीय तिथं."

"बरं," तो म्हणाला. दाराशी थांबून वळला. "कालवं आली की वीबेकेला एकदा बघू दे. ऐक एवढं."

जाता जाताही टोमणा.

३० मार्च

ईस्टरची गर्दी. हात सगळ्यांचे चालतात, तोंडं बंद. इतकी शांतता मला हवी होती असं मी स्वतःला सांगते.

आज कोणी म्हणालं नाही की पावाला कसला वास सुटलाय. मी पाहुण्यांना काय सांगू ते सुचेना. "पाव," म्हणाले आणि ताट ठेवून आले.

६ एप्रिल

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी याची वेगळीच गोष्ट करून ठेवीन.

दुपारचं जेवण. खिडकीजवळच्या टेबलावर होल्स्टेब्रोचं एक म्हातारं जोडपं. त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, मुलांनी पैसे भरून पाठवलेलं. पहिलं ताट कालवांचं: वर गार केलेलं ताक, ज्यूनिपरच्या झुडपाच्या कोवळ्या टोकांचं तेल. कालवं मी स्वतः उघडली. वीबेकेला दाखवली नाहीत.

थोड्या वेळानं वीबेके आत आली. हातात एकच शिंपला, रुमालावर ठेवलेला. माझ्यासमोर धरला.

"याचा वास घे."

"काय झालं?"

"आधी घे."

मी वाकले. छाती भरून श्वास घेतला. गार हवा आत गेली, गार हवा बाहेर आली. शिंपला तर चांगला दिसत होता, पाणीदार.

"ठीक आहे की," मी म्हणाले.

शेजारी कारेन भाज्या चिरत होती. ती तोंडावर हात धरून मागं सरकली.

"ठीक आहे?" वीबेकेचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "अगं बाई, हे मेलंय. दारापर्यंत घाण येतेय. त्या म्हातारीनं तोंडात घातलं आणि थुंकलं, आणि वर मलाच माफी मागतेय, की तिला सवय नसेल म्हणून! गिळलं असतं म्हणजे?"

मी अजून एकदा वास घेतला. का घेतला माहीत नाही. सगळे बघत होते आणि मी त्या घाणीवर नाक ठेवून वाट बघत होते, दार ठोठावून वाट बघावी तशी.

वीबेकेनं शिंपला माझ्या नाकाखालून काढून घेतला. अगदी हळू.

बाकीची कालवं फेकली. मी बाहेर गेले, त्या बाईंपाशी गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, चूक तुमच्या सवयीची नाही, माझी आहे. तिनं माझ्या गालाला हात लावला. "असू दे गं पोरी," म्हणाली. मला पोरी म्हणून किती वर्षांत कोणी हाक मारली नव्हती.

सगळे गेल्यावर वीबेके माझ्यासमोर बसली. मी म्हणाले, "मला वास येत नाही. जानेवारीपासून."

"माहितीय."

"कोणाला?"

"सगळ्यांना. भांडी घासणाऱ्यालासुद्धा." तिनं टेबलावरचा पावाचा चुरा बोटानं गोळा केला. "एस्बेन रोज पहाटे उठून का यायचा, तुला काय वाटलं? सायकल चालवायची हौस आली म्हणून?"

तिनं एकेक सांगायची गरजच नव्हती. पातेल्याचं बूड, सायीचा डबा, मोलॅसिस, गोठा, दमट गवत. प्रत्येक गोष्ट माझ्या कानात त्याच्या आवाजात परत येत होती. तो बडबडत नव्हता. मला सांगत होता.

८ एप्रिल

एस्बेन मोर्स बेटावर आहे, तिथल्या निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात. वीबेकेनं पत्ता दिला आणि म्हणाली, "फोन करू नकोस. तुझी फोनवर बोलायची पद्धत मला माहितीय, हुकूम सोडल्यासारखी."

आधी सिग्नेला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला यायचं नव्हतं असं नाही?"

"यायचंच होतं गं. बाळाला हुंगून मला काही कळलं नसतं. तुझ्यासमोर ते मला सहन झालं नसतं."

"आई, तिला काय करायचंय तुझ्या नाकाशी? ती तर तुझे केस ओढेल."

९ एप्रिल

फेरीबोटीवर माझी एकच गाडी. मोर्सला पोचले तेव्हा शाळेत जेवणाची सुट्टी झाली होती. एस्बेन मोठ्या पातेल्यांच्या मागं होता. मला बघून त्यानं हात पुसले. बाहेर कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे राहिलो.

"वीबेकेनं सांगितलं, कालवाचं," तो म्हणाला.

"तू का बोलला नाहीस मला?"

"तू सांगितलं नाहीस ना. मला वाटलं, सांगावंसं वाटेल तेव्हा सांगशील. तोवर निभावून नेऊ." मग म्हणाला, "तू मला चोर म्हणालीस, शेफ. सगळ्यांसमोर."

"रागावलास?"

"नाही, हौसेनं आलोय इथं, शंभर पोरांचे बटाटे सोलायला!"

मला हसू आलं, त्याला आलं नाही. मी माफी मागितली. नीट मागितली, मधे कारणं न घालता. तो "बरं" म्हणाला, त्या दिवशी म्हणाला होता तसंच, आणि आत गेला. परत ये, एवढं विचारायचं राहून गेलं. राहिलं नाही, मी विचारलंच नाही. नाही म्हणाला तर, या भीतीनं.

परत फेरीबोटीत बसले. पलीकडे पोचल्यावर फळी खाली आली आणि मी गाडी सुरूच केली नाही. बोटवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "काय बाई, घर आवडत नाही का आज?"

"नाही," मी म्हणाले. "परत न्या."

"पुन्हा तिकीट लागेल."

"लागू दे."

दुसऱ्यांदा गेले तेव्हा जेवणं उरकली होती, संध्याकाळच्या सूपची तयारी सुरू होती. एस्बेन एकटाच. मी फडकं घेतलं आणि धुतलेली पातेली पुसायला लागले. त्यानं बघितलं आणि सूप ढवळत राहिला. चार-पाच पातेली झाल्यावर, पाठमोरी असतानाच मी म्हणाले, "एस्बेन, परत येशील का? माझ्या हाताखाली नाही. बरोबरीनं. वास तुझा, बाकीचं जमेल तसं माझं. आणि हे सगळ्यांना सांगून, दडवून नाही."

चमचा पातेल्याच्या कडेवर आपटल्याचा आवाज आला. वळून बघते तर तो चमचा माझ्यासमोर धरून उभा.

"चाख."

"मला काय कळणार आहे रे त्यातलं?"

"वास नाही कळणार. तोंड तर गेलं नाही ना? ते तर चांगलं चालतं तुझं. चाख."

बटाटा आणि कांद्याच्या पातीचं सूप. मी घोट तोंडात धरून ठेवला. मीठ बरोबर. मागून जरासा आंबटपणा. गरम, दाट. इतक्या दिवसांत मी जे तोंडात घालत होते त्यात जे नाही तेच शोधत होते. आज जे आहे ते बघितलं. टाळूला काहीतरी घासलं, बारीक रव्यासारखं.

"बटाटा कच्चा आहे," मी म्हणाले. "सगळा नाही. जुने आणि नवे एकत्र घातलेस. नवे अजून शिजायचेत."

"काहीतरीच." त्यानं दुसरा चमचा घेतला, तोंडात घोळवला. पुन्हा घेतला. मग तोंड वाकडं करून म्हणाला, "च्यायला."

आच वाढवून त्यानं झाकण ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वेळ लागेल अजून. थांबतेस?"

मी कोट काढला.